स्वतः लिहिलेल्या इन्व्होकची टेस्ट: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत भुईकाट्याच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये लिहितात. बोर्डासोबत आलेला कंपायलर सी++१४ च्या पुढे जात नाही, त्यामुळे स्टँडर्ड लायब्ररीतलं एसटीडी::इन्व्होक त्यांना मिळत नाही. टीममधल्या एकाने तसंच फंक्शन स्वतः लिहिलं. त्याच्या तीन टेस्ट आहेत: एक साध्या फंक्शनची, एक लॅम्डाची, एक मेंबर फंक्शनची. तिन्ही हिरव्या. विचारणाऱ्याचं म्हणणं, "एवढ्यावर भागतं का? भागत नसेल तर आणखी काय तपासायचं, आणि थांबायचं कुठे?"

भागत नाही. आणि तीनाच्या तीस केल्या तरी भागणार नाही, जर त्या तीसही "फंक्शन कॉल झालं का, उत्तर बरोबर आलं का" एवढंच विचारत असतील. इन्व्होकला स्वतःचं असं काही कामच नाही. तुम्ही जे द्याल ते, तुम्ही दिलेल्या आर्ग्युमेंट्सनी कॉल करायचं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं हातात द्यायचं. उत्तर चुकवायला त्याला फारशी जागाच नसते. गडबड होते ती दुसरीकडे: मध्येच एखादी कॉपी होते, रेफरन्स यायचा तिथे नुसती व्हॅल्यू येते, कॉन्स्ट गळून पडतं, नोएक्सेप्ट (हे फंक्शन थ्रो करणार नाही, ही खूण) हरवतं, किंवा "हे कॉल होण्यासारखं नाही" एवढं सांगून बाजूला व्हायचं सोडून कंपायलर दोन पानं एरर ओकतो. थेट कॉल आणि इन्व्होकमधून केलेला कॉल यांत काडीचा फरक दिसता कामा नये. टेस्टने शोधायचा तो हा फरक.

सुरुवात नियमांपासून करा, कारण तुमच्याकडे सी++१४ आहे आणि खड्डा नेमका तिथेच आहे. "कॉल करणे" म्हणजे काय याची व्याख्या सी++ मध्ये जुनी आहे. २००५ च्या टीआर१ या लायब्ररीच्या पुरवणी दस्तऐवजात फंक्शन, बाइंड वगैरेंसाठी ती आली, २०११ च्या स्टँडर्डमध्ये पक्की झाली. पण ती कागदावरची व्याख्या होती. प्रत्यक्ष हाक मारता येईल असं फंक्शन सी++१७ मध्ये आलं. या प्रवासात नियम पाचाचे सात झाले. सी++११ आणि १४ मध्ये पाच होते. सी++१७ ने दोन वाढवले, दोन्ही रेफरन्स रॅपरसाठी (ऑब्जेक्टचा रेफरन्स गुंडाळून ठेवणारा टाइप, एसटीडी::रेफ तोच बनवून देतं). तुमच्या सहकाऱ्याने हाताशी असलेला सी++१४ चा दस्तऐवज समोर ठेवून कोड लिहिला असेल, तर एसटीडी::रेफ मधून दिलेल्या ऑब्जेक्टवर मेंबर फंक्शन कॉलच होणार नाही. लिहायचं तर सी++१७ चं इन्व्होक लिहा, नाहीतर उद्या कंपायलर बदलला की वागणूक बदलेल.

सात नियम असे. हातात मेंबर फंक्शनचा पॉइंटर असेल तर ऑब्जेक्ट तीन प्रकारे येऊ शकतं: ऑब्जेक्ट स्वतः किंवा त्याच्यापासून डिराइव्ह केलेलं, रेफरन्स रॅपर, किंवा आणखी काहीही ज्याच्यावर * चालतो. डेटा मेंबरच्या पॉइंटरसाठी हेच तीन. सातवा नियम म्हणजे बाकी सगळं, सरळ कंसात आर्ग्युमेंट्स टाकून कॉल.

उदाहरणासाठी एक क्लास घेऊ. लासलगावला कांद्याच्या ट्रॉल्या काट्यावर येतात, तेव्हा क्लासचं नाव ट्रॉली. त्यात वजन हा डेटा मेंबर आणि रक्कम(दर) हे मेंबर फंक्शन. (सी++ ला देवनागरी नावं चालतात, जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १० पासून तर ती सरळ टाइप करता येतात. तुमच्या बोर्डाच्या कंपायलरला मात्र द्यायला जाऊ नका. इथे फक्त वाचायला सोपं जावं म्हणून.)

आता टेस्टचा साचा. प्रत्येक टेस्टमध्ये दोन एक्स्प्रेशन्स शेजारी शेजारी लिहा: एक कच्चं, एक इन्व्होकचं. ट ही एक ट्रॉली, फ हा रक्कमचा पॉइंटर आणि २१०० हा दर धरला, तर कच्चं म्हणजे (ट.*फ)(२१००), आणि त्याच्या शेजारी इन्व्होक(फ, ट, २१००). मग या दोघांच्या चार गोष्टी ताडून बघायच्या: डेक्लटाइप (एक्स्प्रेशनचा नेमका टाइप) तंतोतंत तोच आहे का, नोएक्सेप्टचं उत्तर तेच आहे का, व्हॅल्यू तीच आहे का, आणि जिथे कच्चं एक्स्प्रेशन कंपाइल होत नाही तिथे इन्व्होकही होत नाही ना. या चारांपैकी फक्त व्हॅल्यूची तुलना प्रोग्राम चालवून होते. बाकी तिन्ही कंपाइल होतानाच स्टॅटिक_असर्टने, म्हणजे कंपायलरने स्वतः तपासायच्या अटीने, होतात. तुमच्या तिन्ही टेस्ट व्हॅल्यूच्या प्रकारच्याच असणार, असा माझा अंदाज आहे.

टेस्ट लिहिताना एक सवय मोडा. "ऑटो उत्तर = इन्व्होक(...)" असं लिहून पुढे उत्तर तपासायचं नाही. ऑटोने रेफरन्स आणि वरचं कॉन्स्ट दोन्ही झटकून टाकले. जे शोधायला निघालात ते पहिल्याच ओळीत गेलं. डेक्लटाइप थेट कॉलच्या एक्स्प्रेशनवर लावा.

शिवाय तुमच्याकडे एक आयता पंच आहे, त्याचा उपयोग करा. टेस्टची फाइल अशी लिहा की कुठलं इन्व्होक तपासायचं ते एका ठिकाणी ठरेल. मग तीच फाइल लॅपटॉपवर नव्या जीसीसीने किंवा क्लँगने सी++१७ लावून खऱ्या एसटीडी::इन्व्होकवर चालवा. तिथे एखादी टेस्ट लाल झाली तर बहुतेक वेळा टेस्टच चुकीची आहे. याने एवढे वाद मिटतात की चहाच्या टेबलावर बोलायला विषय उरत नाही. अपवाद कॉन्स्टेक्सपरचा, म्हणजे कंपाइल होतानाच चालवता येण्याचा: स्टँडर्डचं इन्व्होक सी++२० पासून कॉन्स्टेक्सपर आहे, सी++१७ मध्ये नाही. तुमचं तुम्ही १४ मध्येही कॉन्स्टेक्सपर करू शकता आणि करावंच, कारण मग व्हॅल्यूच्या टेस्टही स्टॅटिक_असर्टमध्ये जातात, आणि कंपाइल होताना चालणाऱ्या कोडमध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर आढळलं तर कंपायलर स्वतःच अडवतो.

मेंबर फंक्शनकडे जास्त वेळ द्या, माल तिथे आहे. मेंबर फंक्शनच्या मागे कॉन्स्ट, व्होलटाइल, दोन्ही किंवा काहीच नाही, असे चार पर्याय; त्यापुढे &, && किंवा काहीच नाही, असे तीन. झाले बारा. शेवटी तीन टिंबं असलेली सी-पद्धतीची आर्ग्युमेंट्स धरली तर चोवीस, आणि सी++१७ मध्ये नोएक्सेप्टही टाइपचा भाग झाल्यामुळे अठ्ठेचाळीस. तुमच्या सहकाऱ्याने प्रत्येक प्रकारासाठी वेगळं ओव्हरलोड लिहिलं असेल तर एखादं राहिलेलं असणारच, आणि ते सहसा "कॉन्स्ट &&" असतं, कारण असं फंक्शन हाताने कोणी लिहीत नाही. इम्प्लिमेंटेशनमध्ये हे ओव्हरलोड मुळात नकोतच. इज_मेंबर_फंक्शन_पॉइंटर या ट्रेटने (टाइपबद्दल कंपायलरला प्रश्न विचारणारं टेम्प्लेट) एका फटक्यात काम होतं. टेस्टमध्ये मात्र बाराही लिहा. मॅक्रोने लिहा, मी तक्रार करणार नाही. मॅक्रो शोभून दिसावा अशी ही एकच जागा.

या बाराला ऑब्जेक्ट देण्याच्या पद्धतींनी गुणा: एलव्हॅल्यू (नाव असलेलं ऑब्जेक्ट), कॉन्स्ट एलव्हॅल्यू, आरव्हॅल्यू (तात्पुरतं किंवा मूव्ह केलेलं), कॉन्स्ट आरव्हॅल्यू, डिराइव्ह केलेला क्लास, साधा पॉइंटर, कॉन्स्टचा पॉइंटर, स्मार्ट पॉइंटर, रेफरन्स रॅपर. यातली बरीच घरं "कंपाइल होता कामा नये" अशी भरतात, आणि तीही टेस्टच आहेत. कॉन्स्ट ट्रॉलीवर कॉन्स्ट नसलेलं फंक्शन कॉल झालं तर ते उत्तर बरोबर आलं तरी चूकच.

स्मार्ट पॉइंटरच्या रांगेत एक मजा आहे. समजा रक्कमच्या मागे && आहे, म्हणजे ते फक्त आरव्हॅल्यूवर चालतं. आता युनिक पॉइंटर मूव्ह करून इन्व्होकला दिला. कॉल व्हायला हवा का? पहिला अंदाज "हो" असतो, आरव्हॅल्यू दिली म्हणून. पण नियम सांगतो, आधी * लावा. युनिक पॉइंटरचा * नेहमी एलव्हॅल्यू देतो, पॉइंटर स्वतः आरव्हॅल्यू असला तरी. म्हणून && वालं फंक्शन चालणार नाही, & वालं चालेल. सी++१७ च्या ऑप्शनलचं उलट: आरव्हॅल्यू ऑप्शनलवर * लावला तर आरव्हॅल्यू मिळते, तिथे && वालं चालतं. म्हणजे इन्व्होकने "आत आलं ते आरव्हॅल्यू, म्हणून पुढेही आरव्हॅल्यू" असं स्वतःच्या मनाने ठरवायचंच नाही. फॉरवर्ड करून (एलव्हॅल्यू की आरव्हॅल्यू हे जपून, आलं तसंच पुढे देऊन) * लावायचा आणि जे येईल ते घ्यायचं. सी++१४ मध्ये ऑप्शनल नाही, पण टेस्टपुरता असा क्लास दहा ओळींत होतो: एक * मागे & असलेला, एक && असलेला, दोघांचे रिटर्न टाइप वेगळे. इम्प्लिमेंटेशनमध्ये * च्या आधीचं फॉरवर्ड विसरलेलं असेल तर हा क्लास लगेच पकडतो. युनिक पॉइंटर जन्मात पकडणार नाही.

नियमांचा क्रमही तपासा. "ऑब्जेक्ट स्वतः" हा नियम लागू आहे की नाही हे इज_बेस_ऑफ वरून ठरतं, "एक्स्प्रेशन कंपाइल होतंय का" यावरून नाही. पुष्कळ जण दुसरी वाट धरतात: पहिलं एक्स्प्रेशन चाललं तर ते, नाहीतर * लावून बघ. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उत्तर एकच येतं. उरलेली एक वेळ अशी बनवता येते: ट्रॉलीपासून प्रायव्हेट पद्धतीने डिराइव्ह केलेला क्लास घ्या आणि त्याला * ऑपरेटर द्या, जो दुसरीच कुठली तरी ट्रॉली परत करतो. स्टँडर्डच्या मते बेस तर ट्रॉलीच आहे, म्हणून पहिलाच नियम लागू. पण प्रायव्हेट असल्यामुळे तो कंपाइल होत नाही, म्हणून हा कॉलच होऊ शकत नाही. "चाललं तर चाललं" छापाचं इम्प्लिमेंटेशन मात्र मुकाट्याने त्या दुसऱ्या ट्रॉलीचं वजन काढून देतं. काट्यावर उभी एक, पावती दुसरीची.

डेटा मेंबरच्या टेस्ट लोक एका ओळीत उरकतात: इन्व्होक(&ट्रॉली::वजन, ट) बरोबर अमुक. बरोबरच्या चिन्हाला कॉपी आणि मूळ यातला फरक दिसत नाही. त्याऐवजी पत्ते ताडा: इन्व्होकने दिलेल्याचा पत्ता आणि ट.वजन चा पत्ता एकच हवा. ट कॉन्स्ट असेल तर रेफरन्सही कॉन्स्ट हवा, ट आरव्हॅल्यू असेल तर && हवा. पत्ता काढायला & वापरू नका, एसटीडी::ॲड्रेसऑफ वापरा.

डेटा मेंबरचीच आणखी एक जागा, आणि तुमच्यासारख्या कोडमध्ये ती हमखास येते. ट्रॉलीमध्ये हँडलर नावाचा मेंबर आहे आणि तो स्वतःच फंक्शन पॉइंटर आहे. कॉलबॅक साठवायला असं आपण सगळेच करतो. इन्व्होक(&ट्रॉली::हँडलर, ट) ने काय व्हावं? फक्त तो फंक्शन पॉइंटर हातात यावा, रेफरन्स म्हणून. हँडलर कॉल व्हायला नको. पण इम्प्लिमेंटेशनमध्ये "कुठलाही मेंबर पॉइंटर आला की (ट.*फ)(बाकीची आर्ग्युमेंट्स)" असं एकच टेम्प्लेट असेल, तर वजनासारख्या मेंबरसाठी ते बाद होतं आणि योग्य टेम्प्लेट निवडलं जातं, पण हँडलरसाठी ते अगदी खुशाल कंपाइल होतं आणि हँडलर चालून मोकळा होतो. तीच गोष्ट जास्त आर्ग्युमेंट दिल्यावर: इन्व्होक(&ट्रॉली::हँडलर, ट, ५) कंपाइल होताच कामा नये. डेटा मेंबरला ऑब्जेक्टशिवाय दुसरं काही देता येत नाही. माझ्या मते तुम्ही आज एकच टेस्ट वाढवणार असाल तर ही वाढवा.

सातव्या नियमासाठी, म्हणजे साध्या कॉलसाठी, एक छोटा फंक्टर पुरतो. त्यात कॉल ऑपरेटर चार वेळा: &, कॉन्स्ट &, &&, कॉन्स्ट &&, आणि चौघांचे रिटर्न टाइप चार वेगळे रिकामे स्ट्रक्ट. मग चार स्टॅटिक_असर्ट. फंक्टरला फॉरवर्ड न करता नुसतं फ(...) लिहिलेलं असेल तर && ची ओळ लाल. लॅम्डाने ही टेस्ट होत नाही, कारण लॅम्डाच्या कॉल ऑपरेटरला & किंवा && नसतात. म्हणूनच तुमची लॅम्डाची टेस्ट हिरवी आहे, आणि तिच्या हिरवेपणाला फारसा अर्थ नाही.

आर्ग्युमेंट्स मध्ये कुठे कॉपी होतात का, हे बघायला मोजणारा टाइप बनवा: कॉपी कन्स्ट्रक्टर आणि मूव्ह कन्स्ट्रक्टर आपापले काउंटर वाढवतात. रेफरन्सने घेणाऱ्या फंक्शनला दिला तर दोन्ही शून्य. व्हॅल्यूने घेणाऱ्याला आरव्हॅल्यू दिली तर मूव्ह एक, कॉपी शून्य. त्याहून कडक टेस्ट म्हणजे कॉपी आणि मूव्ह दोन्ही डिलीट केलेला टाइप रेफरन्सने पाठवायचा. मग मोजायलाच नको. फंक्शनने असा टाइप व्हॅल्यूने परत केला तर मात्र सी++१४ मध्ये इन्व्होकमधून तो बाहेर काढता येत नाही, कारण परत करताना मूव्ह लागतो. सी++१७ मध्ये ती सक्ती गेली. ही टेस्ट भाषेच्या आवृत्तीची अट घालूनच ठेवा, नाहीतर लॅपटॉपवर हिरवी आणि बोर्डाच्या कंपायलरवर लाल पाहून कोणी तरी दिवसभर डोकं खाजवेल.

काही ठिकाणी थेट कॉल आणि इन्व्होक यांत फरक राहणारच, आणि तो तुमच्या कोडचा दोष नसतो. पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनला थेट ० देता येतो, इन्व्होकमधून नाही, कारण टेम्प्लेटमधून जाताना तो साधा इंट होतो, नलपीटीआर द्या. ओव्हरलोड असलेल्या फंक्शनचं नुसतं नाव देता येत नाही. महिरपी कंसातली यादी देता येत नाही. आणि एम्बेडेडवाल्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे बिट-फील्ड. काट्याच्या स्टेटस रजिस्टरचं स्ट्रक्ट बिट-फील्डचं असेल, तर स.स्थिर हा मेंबर थेट फंक्शनला व्हॅल्यूने देता येतो, पण इन्व्होकला देता येत नाही, कारण बिट-फील्डला कॉन्स्ट नसलेला रेफरन्स बांधता येत नाही. अशा जागांच्या टेस्ट "होता कामा नये" म्हणून नको, पण टेस्टच्या फाइलमध्ये कॉमेंट करून ठेवा. नवा माणूस येतो, पहिल्याच आठवड्यात हा "बग" शोधतो.

आता नकारात्मक टेस्ट. "कंपाइल होता कामा नये" हे दोन पातळ्यांवर तपासायचं असतं. पहिली पातळी स्फिनेची (टेम्प्लेट बसत नसेल तर एरर न देता ते बाजूला ठेवण्याचा नियम): इन्व्होक होऊ शकतं का हे विचारणारा ट्रेट "नाही" असं उत्तर देतो, एरर देत नाही. सी++१४ मध्ये व्हॉइड_टी सुद्धा स्वतःच लिहावा लागतो, पण ती एक-दोन ओळींची गोष्ट आहे. इथे बळी जातात ते रिटर्न टाइप डेक्लटाइप(ऑटो) लिहिणारे. सी++१४ मध्ये तो मोह फार होतो, छोटं आणि छान दिसतं. पण तो टाइप काढायला कंपायलरला फंक्शनच्या पोटात शिरावं लागतं, आणि पोटातली एरर ही स्फिनेने झाकली जात नाही, ती खरीखुरी एरर असते. मग "हे कॉल होतं का" असा साधा प्रश्न विचारला तरी बिल्ड मोडतं. रिटर्न टाइप बाहेर, बाणाच्या पुढे, पूर्ण एक्स्प्रेशन लिहून द्यायचा. लांबट दिसला तरी चालेल.

दुसरी पातळी म्हणजे खरोखर कंपाइल न होणाऱ्या फाइल्स. मोठ्या लायब्ररींकडे याची सोय आहे: जीसीसीच्या लायब्ररीच्या टेस्टमध्ये कुठल्या ओळीवर एरर यायला हवी ते कॉमेंटमध्येच लिहितात, क्लँगच्या लायब्ररीत अशा फाइलच्या नावातच व्हेरिफाय असतं. तुम्ही बिल्डसाठी सीमेक वापरत असाल तर त्याच्या सीटेस्टमध्ये "ही फेल व्हायलाच हवी" अशी खूण करता येते. धोका एकच: फाइल भलत्याच कारणाने फेल होते, एखादा सेमीकोलन राहिला किंवा हेडरचं नाव बदललं, आणि टेस्ट वर्षानुवर्षं हिरवी. काट्याचा आकडा शून्य आहे म्हणजे वर गाडी नाही असं नव्हे, लोडसेलची वायरही निघालेली असू शकते. म्हणून प्रत्येक नकारात्मक फाइलला एक जुळी फाइल ठेवा, फक्त एका शब्दाने वेगळी, जी कंपाइल व्हायलाच हवी. जुळी लाल झाली की कळतं, बिघाड इन्व्होकमध्ये नाही, टेस्टमध्ये आहे.

स्टँडर्ड लायब्ररी लिहिणारे आणखी एका गोष्टीला घाबरून असतात, आणि तुम्हीही थोडं घाबरावं: वापरणाऱ्याचे टाइप. कोणी स्वल्पविराम ऑपरेटर ओव्हरलोड करतो, कोणी & करतो. रिटर्न टाइप काढण्याच्या जुन्या युक्त्यांमध्ये स्वल्पविराम असतो. तिथे व्हॉइडमध्ये कास्ट केलेलं नसेल तर वापरणाऱ्याचाच ऑपरेटर चालतो. एक डिलीट केलेला स्वल्पविराम असलेला टाइप टेस्टमध्ये ठेवून द्या, विषय संपला.

एडीएल जास्त वाईट. इन्व्होकच्या आतून तुम्ही इन्व्होक_इम्प्ल(...) असं नेमस्पेस न लावता हाक मारली, तर कंपायलर आर्ग्युमेंट्सच्या नेमस्पेसमध्येही त्या नावाचं काही आहे का ते शोधत फिरतो. हे पकडण्याची एक ठरलेली युक्ती आहे. अपूर्ण नावाचं स्ट्रक्ट फक्त जाहीर करा, व्याख्या देऊ नका. धारक<टी> नावाचं टेम्प्लेट करा, ज्यात टी हा मेंबर आहे. आता धारक<अपूर्ण> चा पॉइंटर आर्ग्युमेंट म्हणून पाठवा. पॉइंटर पाठवायला टाइप पूर्ण असायची गरज नाही, तेव्हा थेट कॉल सुरळीत होतो. पण एडीएल सुरू झालं की कंपायलर धारक<अपूर्ण> मध्ये काही फ्रेंड फंक्शन्स आहेत का बघायला तो टाइप पूर्ण करायला जातो, आणि अपूर्णची व्याख्याच नसल्याने आपटतो. टेस्ट कंपाइल झाली तर तुमच्या आतल्या सगळ्या हाका नेमस्पेससकट आहेत.

एडीएलचा दुसरा तडाखा तुम्हाला पुढे बसेल. तुमच्या कोडमध्ये जागोजागी नुसतं इन्व्होक(...) लिहिलेलं असणार. आज ते चालतं. ज्या दिवशी बोर्डवाले सी++१७ चा कंपायलर देतील (ते दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणतात, हे अंबड-सातपूर पट्ट्यात कोणाला सांगायला नको), त्या दिवशी जिथे जिथे आर्ग्युमेंटमध्ये स्टँडर्ड लायब्ररीचा टाइप आहे, साधी स्ट्रिंग का असेना, तिथे तिथे एडीएल एसटीडी::इन्व्होकही शोधून आणेल आणि कॉल संदिग्ध म्हणून एरर येईल. लॅपटॉपवरचं सी++१७ चं बिल्ड फक्त टेस्टच्या फाइलपुरतं न ठेवता रोजच्या कोडचंही करा, हे आजच दिसेल.

नोएक्सेप्टबद्दल थोडक्यात. फंक्टर नोएक्सेप्ट असेल तर इन्व्होकही नोएक्सेप्ट हवं, आणि आर्ग्युमेंट बदलताना होणारं कन्व्हर्जन थ्रो करू शकत असेल तर नको. हे दोन्ही तपासा. फंक्शन पॉइंटर आणि मेंबर फंक्शन पॉइंटर यांच्याबाबतीत सी++१४ मध्ये हात टेका: नोएक्सेप्ट तेव्हा टाइपचा भाग नव्हतं, पॉइंटर झाला की माहिती गेली. या ओळींनाही आवृत्तीची अट.

रिटर्न टाइप सांगून कॉल करणारं इन्व्होक_आर हेही लिहिलं असेल (स्टँडर्डमध्ये ते सी++२३ मध्ये आलं), तर दोन टेस्ट पुरतात. व्हॉइड मागितल्यावर उत्तर मुकाट टाकून दिलं पाहिजे. आणि फंक्शन इंट व्हॅल्यूने देत असताना कॉन्स्ट लाँग & मागितला तर कंपाइल होता कामा नये, कारण तो रेफरन्स मेलेल्या तात्पुरत्या व्हॅल्यूचा असेल. सी++२३ ने हे नियमातच बसवलं.

आता थांबायचं कुठे. कव्हरेजचा आकडा इथे उपयोगाचा नाही. इन्व्होकच्या पंधरा-वीस ओळी, आणि त्यातल्या बहुतेक प्रत्यक्ष चालण्याआधीच कंपायलरने संपवलेल्या; तुमच्या तीन टेस्टनेही कव्हरेज भरपूर दाखवलं असेल. त्यापेक्षा इम्प्लिमेंटेशन मुद्दाम मोडा. एक फॉरवर्ड काढा, टेस्ट चालवा, लाल झालं का बघा, परत ठेवा. मग * च्या आधीचं फॉरवर्ड. मग टाइप तपासण्याआधी रेफरन्स आणि कॉन्स्ट काढून टाकणारा ट्रेट. मग बेसच्या अटीत इज_बेस_ऑफ च्या जागी इज_सेम लिहा. मग रिटर्न टाइपवरचा एक & उडवा. मग रेफरन्स रॅपरची शाखा * च्या शाखेनंतर टाका. यातली एखादी मोडतोड करूनही सगळं हिरवंच राहिलं, तर एक टेस्ट कमी आहे आणि कुठली ते तुम्हाला आता ठाऊक आहे. क्वचित असंही निघतं की ती ओळच फालतू होती. मग ओळ काढा. मोडण्यासारखं काही उरलं नाही की थांबा. इतक्या छोट्या फंक्शनला हे हाताने एका दुपारी होतं, त्यासाठी वेगळं टूल आणू नका.

या प्रश्नासोबत येणारी एक शंका: हे सगळं प्रत्यक्ष बोर्डावर चालवायचं का? बहुतेक नाही. वर सांगितलेल्यांपैकी बरंचसं स्टॅटिक_असर्ट आहे. ती फाइल बोर्डाच्या कंपायलरने नुसती कंपाइल झाली की झालं, ऑब्जेक्ट फाइल फेकून द्या. बोर्डावर चढवायच्या त्या फक्त पत्ते ताडणाऱ्या आणि कॉपी-मूव्ह मोजणाऱ्या टेस्ट, तेही रिलीजला जे ऑप्टिमायझेशन लावता तेच लावून. आणि कंट्रोलरसोबत विंडोजवरचं ३२-बिट कॉन्फिगरेशन टूलही हेच हेडर वापरत असेल, तर तिथे एकदा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने कंपाइल करा: त्याच्याकडे फंक्शनच्या टाइपमध्येच कॉलिंग कन्व्हेन्शन (आर्ग्युमेंट्स कशी पाठवायची याचा करार, एसटीडीकॉल हा त्यातलाच एक) असतं, आणि फंक्शन पॉइंटरसाठी हाताने लिहिलेलं ओव्हरलोड एसटीडीकॉलवाल्या कॉलबॅकला ओळखत नाही.